जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा आणि टाकीतला नवा फ्लोट

मागच्या वेळी आपण इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कसं आणि कधी घालायचं ते बोललो. त्यानंतर जे फोन आले त्यात एक प्रश्न अगदी निराळा निघाला. मानेवाड्याहून एका ताईंनी विचारलं, "आमच्या घरी सासऱ्यांची जुनी पद्मिनी आहे. टाकीतला फ्लोट नवा बसवला, तरी काटा भलतंच दाखवते. मेकॅनिक म्हणते मीटर खराब आहे, मीटरवाला म्हणते फ्लोट खराब आहे. आता ऐकावं तरी कोणाचं?"

आमचं उत्तर असं की सध्या दोघांचंही ऐकू नका, आधी मोजा. पुष्कळदा मीटर चांगलं असतं, फ्लोटही चांगला असतो, फक्त ते दोघं एकमेकांसाठी बनलेले नसतात. आज हेच नीट समजून घेऊ, कारण जुनी गाडी सांभाळणाऱ्या घरात हा घोळ हमखास होतो आणि दुकानदार उघडलेला माल परत घेत नाही.

पद्मिनीचं नाव निघालंच आहे तर तिच्याबद्दल थोडं. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याला तिचा कारखाना होता. इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी तिथे बनू लागली आणि १९७४ पासून तिचं नाव प्रीमिअर पद्मिनी झालं. पण आपल्याकडे शेवटपर्यंत लोक तिला फियाटच म्हणत राहिले. मुंबईतली काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांत तिचे फोटो आले होते, आठवत असतील. नागपुरात मात्र धंतोली, रामदासपेठ, महाल अशा जुन्या वस्त्यांमध्ये एखाद्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसेडर अजून उभी दिसते.

केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर तिची व्हिंटेज म्हणून नोंद करता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे आणि ती १० वर्षं चालते. मात्र मग ती गाडी रोज बाजाराला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर काढायची. म्हणजे पद्मिनीच्या पहिल्या वर्षाच्या गाड्या आता कायद्याच्या हिशेबाने व्हिंटेज झाल्या. आपण ज्या गाडीत बसून परीक्षेला गेलो ती व्हिंटेज होते, यावर हसावं की काय ते आपलं आपण ठरवायचं.

आता मुद्द्यावर येऊ. आधी शब्द नक्की करू, कारण निम्मा गोंधळ शब्दांचाच आहे. डॅशबोर्डवर जो काटा असतो त्याला आपण गेज म्हणू. टाकीच्या आत जो भाग बसतो त्याला दुकानात फ्लोट म्हणतात, कोणी टँक युनिट म्हणतं. खरं तर फ्लोट म्हणजे त्यातली तरंगणारी डबी तेवढी. म्हणून पूर्ण भागाला आपण टँक युनिट म्हणू आणि डबीला फ्लोट.

टँक युनिट काम कसं करतं? रेडिओचा आवाज कमी-जास्त करायचं गोल बटण तुम्ही फिरवता ना, अगदी तसंच. त्या बटणाच्या आत एक पट्टी असते आणि तिच्यावर एक टोक घासत सरकतं. टोक जसं सरकेल तसा विजेच्या वाटेतला अडथळा कमी-जास्त होतो. या अडथळ्याला शाळेच्या पुस्तकात रोध म्हणतात, दुकानात रेझिस्टन्स, आणि तो ओहममध्ये मोजतात. टँक युनिटात हे बटण आपल्याऐवजी पेट्रोल फिरवतं. पेट्रोलवर डबी तरंगते, डबीला तारेचा दांडा असतो, दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बारीक तार गुंडाळलेली पट्टी असते. पेट्रोल उतरलं की डबी उतरते, दांडा फिरतो आणि ओहम बदलतात.

म्हणजे डॅशबोर्डवरच्या गेजला पेट्रोल कधी दिसतच नाही. त्याला फक्त ओहम कळतात. कारखान्यात त्याला एक भाषा शिकवलेली असते, की इतके ओहम आले की टाकी रिकामी आणि इतके आले की भरलेली. टँक युनिट दुसरीच भाषा बोलत असेल तर गेज बिचारं आपल्या भाषेत त्याचा अर्थ लावतं आणि आपल्याला सांगतं. त्यात त्याची काही चूक नाही.

या भाषा जगात अनेक आहेत. ज्यांचे आकडे पक्के ठाऊक आहेत तेवढ्या सांगतो, कागद-पेन्सिल घ्या. अमेरिकन जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांत रिकाम्या टाकीला ० ओहम आणि भरलेल्या टाकीला ९०. फोर्डमध्ये उलटं, रिकामीला ७३ आणि भरलेलीला साधारण १०. स्ट्युअर्ट वॉर्नर नावाच्या कंपनीची पद्धत जगभर पसरली, त्यात रिकामीला २४० आणि भरलेलीला ३३. जर्मनीच्या व्हीडीओ कंपनीची रिकामीला १० आणि भरलेलीला १८०. इंग्लंडच्या स्मिथ्स कंपनीने जुन्या गाड्यांसाठी एक पद्धत वापरली, जिच्यात टाकी भरत जाते तसे ओहम वाढतात. पुढे त्याच कंपनीने दुसरी आणली, जिच्यात टाकी भरत जाते तसे ओहम कमी होतात. एकाच कंपनीच्या दोन उलट्या भाषा! अ‍ॅम्बेसेडर मूळची इंग्लंडच्या मॉरिसची, त्यामुळे जुन्या अ‍ॅम्बेसेडरच्या घरी हा फरक लक्षात ठेवायलाच हवा.

तुमच्या गाडीला यातली कोणती भाषा येते, हे गाडीचं नाव आणि साल सांगून कळेलच असं नाही. चाळीस-पन्नास वर्षांत कोणत्या मेकॅनिकने कोणतं गेज काढून कोणतं लावलं याचा हिशेब कोणी ठेवलेला नसतो. म्हणून मोजायचं.

भाषा उलट पडली तर काय होतं, ते आमच्या गटातल्या एका मैत्रिणीने पाहिलं आहे. तिच्या वडिलांच्या गाडीला एका दुकानातून नवं टँक युनिट आणलं होतं. दुकानदार म्हणाला, "ताई, हे सगळ्या गाड्याइले चालते." भोकं जुळली, स्क्रू बसले, काटाही हलला. पण काटा उलटा चालत होता. पेट्रोल जसजसं संपत गेलं तसतसा तो भरलेल्या बाजूला सरकत गेला. उमरेडहून परत येताना, आई मागच्या सीटवर, संध्याकाळची वेळ, पाचगावच्या अलीकडे गाडीने दोन आचके दिले आणि थांबली. काटा त्या वेळी अगदी भरलेल्या खुणेवर होता, म्हणून पेट्रोल संपलं असेल हे कोणाच्या मनातही आलं नाही. अर्धा तास सगळे बॉनेट उघडून प्लग आणि वायरी पाहत बसले. बंद पडलेला काटा एक वेळ परवडतो. तो बंद आहे हे माहीत असलं की आपण अंदाजाने पेट्रोल भरतो. चालणारा पण उलटं सांगणारा काटा जास्त वाईट.

तर मोजायचं कसं? लागतं ते एक साधं डिजिटल मल्टिमीटर. दोन-तीनशे रुपयांत मिळतं आणि घरातल्या शंभर कामांना येतं. शिवाय सीताबर्डीवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून सहा रेझिस्टर आणायचे, १०, २२, ३३, ६८, १०० आणि २२० ओहमचे. पाच वॅटचे मागा, म्हणजे पांढरे चौकोनी सिमेंटचे मिळतील. अगदी बारीक रंगीत पट्ट्यांचे नकोत, ते तापून जळतात. हेच सहा का, तर त्यातून वर सांगितलेले बहुतेक आकडे तयार होतात. २२० आणि २२ एकापुढे एक जोडले की २४२ होतात, म्हणजे २४० ची सोय झाली. ६८ आणि २२ मिळून बरोबर ९०. १००, ६८ आणि १० मिळून १७८, म्हणजे १८० धरून चालेल. बेरीज करता येणाऱ्या कुणालाही हे जमतं.

पहिलं काम गेजची भाषा ओळखणं. यासाठी टाकी उघडायची नाही. पद्मिनीसारख्या गाडीत टाकी डिकीत असते, तिच्यावर टँक युनिटाचं गोल झाकण दिसतं आणि त्यातून वायर निघते. कधी एकाच्या जागी दोन वायरी असतात. दुसरी वायर पेट्रोल कमी झाल्यावर लागणाऱ्या दिव्याची असते. स्मिथ्सच्या युनिटांवर त्या टोकांजवळ टी आणि डब्ल्यू अशी इंग्रजी अक्षरं असतात. टी काट्याचं, डब्ल्यू दिव्याचं. या दोन वायरी उलट लागल्या तरी सगळं बिघडल्यासारखं वाटतं, म्हणून काढण्यापूर्वी मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

गाडीची चावी बंद असताना काट्याची वायर काढा आणि तिचं टोक कशालाही लागणार नाही असं चिकटपट्टीने गुंडाळून ठेवा. आता पुढे येऊन चावी फक्त इग्निशनपर्यंत फिरवा, गाडी सुरू करू नका. एक मिनिट थांबा. काटा रिकाम्या बाजूला गेला, तर तुमच्या गेजच्या भाषेत जास्त ओहम म्हणजे रिकामी. काटा भरलेल्या बाजूला किंवा तिच्याही पलीकडे गेला, तर जास्त ओहम म्हणजे भरलेली. एवढ्या एका तपासणीत दिशा कळली. उमरेड रस्त्यावरची फजिती एवढ्यानेच टळली असती.

मग चावी पुन्हा बंद करा आणि त्या वायरीच्या आणि बॉडीच्या स्वच्छ लोखंडाच्या मध्ये एक रेझिस्टर जोडा, चिमट्याने पक्का. आधी जोडायचं आणि मगच चावी फिरवायची. उलट केलंत तर जोडताना ठिणगी पडू शकते, आणि शेजारी पेट्रोलची टाकी आहे. काही मेकॅनिक ही वायर सरळ बॉडीला टेकवून काटा उडतो का ते पाहतात. काही गेज त्याने जळतात. आपण रेझिस्टर वापरू. ३३ लावून पाहा, काटा कुठे जातो ते लिहा. मग ६८, मग ९०, मग २४०. कोणत्या आकड्याला काटा बरोबर रिकाम्या खुणेवर येतो आणि कोणत्याला बरोबर भरलेल्या, हे कागदावर आलं की तुमच्या गेजची भाषा तुम्हाला कळली. अर्ध्यासाठीही एक आकडा काढून ठेवा, तो पुढे लागेल. २४० ते ३३ च्या गेजमध्ये १०० ओहमला काटा जवळपास मधोमध येतो.

काटा लगेच हलला नाही तर घाबरू नका. गेज दोन प्रकारचे असतात. एकात विजेच्या दोन गुंडाळ्या असतात, त्या लोखंडाच्या तुकड्याला आपापल्या बाजूला ओढतात. त्याचा काटा पटकन हलतो आणि गाडी वळली की तोही डुलतो. दुसऱ्यात दोन वेगळ्या धातूंची एकमेकांवर चिकटवलेली पट्टी असते. आपल्या इस्त्रीत तापमान सांभाळणारी जी पट्टी असते तीच ही. वीज गेली की ती तापते, तापली की वाकते आणि काट्याला ढकलते. तापायला वेळ लागतो, म्हणून हा काटा सावकाश चढतो. या दुसऱ्या प्रकाराला सारखा दाब लागतो, म्हणून डॅशबोर्डच्या मागे एक छोटी डबी असते, व्होल्टेज स्टॅबिलायझर. स्मिथ्सच्या गाड्यांत तो बॅटरीच्या १२ व्होल्टचे सरासरी १० करून देतो. इंजिनाच्या गरमीचा काटाही बहुधा त्याच्यावरच चालतो. म्हणून दोन्ही काटे एकाच वेळी बिघडले, दोन्ही जास्त किंवा दोन्ही कमी दाखवू लागले, तर टाकीकडे जाऊच नका. आधी हा स्टॅबिलायझर आणि त्याचं अर्थिंग बघा.

अर्थिंगचं निघालं म्हणून सांगतो. टँक युनिटाची परतीची वाट टाकीच्या पत्र्यातून आणि स्क्रूमधून जाते. तिथे गंज चढला, रंगाचा थर बसला, नवं रबरी पॅकिंग लावताना स्क्रूखाली काही अडकलं, तर ओहम आपोआप वाढतात. २४० ते ३३ च्या भाषेत असलं युनिट रिकामं रिकामं ओरडत राहतं. ० ते ९० च्या भाषेत तेच युनिट भरलेलं भरलेलं म्हणतं. युनिटाच्या बॉडीपासून बॅटरीच्या अर्थ टोकापर्यंत तात्पुरती एक वायर टाकून पाहा. काटा सुधारला तर नवं युनिट आणायचं कारणच उरलं नाही. पॉलिश पेपरने पत्रा घासा, काम झालं. फोनवर जे प्रश्न येतात त्यातले निदान काही तरी या घासण्याने सुटतील असं आमचं मत आहे.

समजा तसं झालं नाही आणि युनिट आणायचंच आहे. तर दुकानात जाताना तो कागद आणि मल्टिमीटर दोन्ही पिशवीत असू द्या. युनिट हातात घ्या. मल्टिमीटरचा खटका २०० ओहमवर ठेवा. एक तार युनिटाच्या टोकाला, दुसरी त्याच्या लोखंडी बॉडीला. दांडा पूर्ण खाली करा, आकडा वाचा. पूर्ण वर करा, आकडा वाचा. डाव्या कोपऱ्यात नुसता १ दिसला तर तो एक ओहम नव्हे. आकडा २०० च्या वर गेला असं मीटर सांगतं. तेव्हा खटका २००० वर न्या. २४० चं युनिट २०० च्या खटक्यावर तपासून चांगलं युनिट बिघडलेलं ठरवणारे आम्ही पाहिले आहेत. मग दांडा हळूहळू खालून वर न्या आणि आकड्याकडे बघत राहा. तो सलग बदलायला हवा. मध्येच १ झाला, उडी मारली, तर आतली तार तुटलेली आहे किंवा टोक नीट घासत नाही. ते युनिट बाजूला ठेवा, दुसरं दाखवा म्हणा. काउंटरवर दोन मिनिटं लागतात. दुकानदार आधी जरा बघतो, मग स्वतःच दुसरं काढून देतो.

ओहम जुळले म्हणजे सगळं जुळलं असंही नाही. दांड्याची लांबी टाकीच्या खोलीला जुळायला हवी. दांडा फार लांब असला तर डबी तळाला आधीच टेकते आणि टाकी रिकामी झाली तरी काटा रिकाम्या खुणेपर्यंत येत नाही. आखूड असला तर डबी तळापर्यंत पोचतच नाही. साधा हिशेब असा: फिरण्याचा खिळा टाकीच्या खोलीच्या मधोमध येत असेल आणि दांडा वर-खाली ४५-४५ अंश फिरत असेल, तर दांड्याची लांबी टाकीच्या खोलीच्या सुमारे ०.७ पट हवी. २० सेंटिमीटर खोल टाकीला १४ सेंटिमीटर. जुनं युनिट सोबत नेलं असेल तर दोन्ही शेजारी धरून बघितलं तरी पुरे. झाकणाची भोकं, त्यांच्यातलं अंतर, झाकण स्क्रूने बसतं की फिरवून अडकवायच्या कड्याने, हेही तिथेच बघून घ्या. दांडा थोडा वाकवून लांबी जुळवता येते. भोकं वाढवून जुळवण्याच्या फंदात मात्र पडू नका, तिथून पेट्रोलची वाफ गळते.

जुळणारं युनिट नाहीच मिळालं तर मेकॅनिक एक तोड सुचवतो, मध्ये रेझिस्टर टाकून देतो म्हणतो. या तोडीत किती दम आहे ते आकड्यांनीच पाहू. रेझिस्टर एकापुढे एक जोडला की ओहमची बेरीज होते. शेजारी-शेजारी जोडला की ओहम कमी होतात, कारण विजेला जायला दोन दारं मिळतात. शेजारी जोडलेल्या दोघांचा हिशेब गुणाकार भागिले बेरीज. समजा गेज ० ते ९० चं आहे आणि मिळालेलं युनिट १० ते १८० चं. युनिटाच्या शेजारी १८० चा रेझिस्टर लावला. टाकी भरलेली असताना १८० आणि १८० मिळून ९० झाले, काटा बरोबर भरलेल्यावर. रिकामी असताना १० आणि १८० मिळून साडेनऊ, म्हणजे गेजला हवे ० आणि मिळाले साडेनऊ. टाकी कोरडी झाली तरी काटा रिकाम्या खुणेच्या थोडा वरच. आणि अर्ध्यावर? युनिटाचे समजा ९०, ते १८० बरोबर मिळून ६० होतात. गेजला अर्ध्यासाठी साधारण ४५ हवे होते. म्हणजे अर्धी टाकी असताना काटा दोन तृतीयांश दाखवणार. दोन टोकं कशीबशी जमली पण मध्य फसला, आणि फसला तो पेट्रोल जास्त आहे असं सांगणाऱ्या बाजूला. काटा कमी दाखवत असता तर एक वेळ चाललं असतं. शिवाय दिशा उलटी असेल तर कुठलाच रेझिस्टर ती सुलटी करू शकत नाही, हे आधी लक्षात घ्या.

दोन टोकं शिकवून ठेवता येतील अशी छोटी इलेक्ट्रॉनिक डबीही मिळते, ती मध्ये दुभाष्यासारखी बसते. काम चांगलं करते, पण बाहेरून मागवावी लागते आणि महाग पडते. आमचं मत विचाराल तर भलत्या भाषेचं नवं युनिट आणण्यापेक्षा जुनं मूळ युनिट दुरुस्त करणं बरं. बहुतेक वेळा त्यात काय बिघडलेलं असतं? पट्टीवर काळा थर बसलेला असतो, तो कॉन्टॅक्ट क्लीनरने आणि मऊ कापडाने निघतो. घासणाऱ्या टोकाचा दाब कमी झालेला असतो, तो चिमट्याने अगदी हलका वाकवून वाढवता येतो. गुंडाळलेली तार तुटली असेल तर वाइंडिंगचं बारीक काम करणारा माणूस ती नव्याने गुंडाळून देऊ शकतो. त्याला फक्त दोन आकडे द्यावे लागतात, आणि ते आपल्या कागदावर आहेतच.

कधी युनिट ठीक असतं पण डबीच बुडते. पितळी डबी कानाशी हलवून बघा, आत पेट्रोल गेलं असेल तर खळखळ ऐकू येते. डाग लावून भोक बुजवता येतं, पण आत थेंबभर पेट्रोल किंवा नुसती त्याची वाफ असताना डबीला गरम सळई लावली तर ती हातात फुटते. हे काम घरी करू नका, आणि कारागिराकडे देताना आत पेट्रोल गेलेलं आहे हे तोंडाने सांगा. फार जुन्या गाड्यांत डबी बुचाची असते, तिच्यावर लाखेचा लेप असतो. इथे एक नवी अडचण आली आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. सुतार फ्रेंच पॉलिश करताना चपडी स्पिरिटमध्ये विरघळवतो ना? चपडी म्हणजे लाख, आणि स्पिरिट म्हणजे मुख्यतः इथेनॉल. तेच आता टाकीच्या आत होतं. लेप सुटतो, बूच पेट्रोल पितं आणि बुडतं. जुन्या रबराचं पॅकिंगही इथेनॉलने फुगतं किंवा चिरतं. म्हणून युनिट काढलंच आहे तर डबी आणि पॅकिंग इथेनॉलला टिकेल अशीच घ्या, तसं विचारूनच घ्या.

टाकी उघडण्याचं काम सकाळी, उघड्या जागेत. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ वर जातो, दुपारी उघडलेल्या टाकीतून वाफ नुसती उसळते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि दहा पावलांवरच्या देवघरातल्या निरांजनापर्यंत किंवा गॅसच्या शेगडीपर्यंत पोचू शकते. बॅटरीची अर्थ वायर आधी काढून ठेवा, टाकीत पेट्रोल कमी असतानाच हात घाला, मुलांना लांब ठेवा. युनिट तिरपं करून सावकाश काढावं लागतं, ओढलं तर दांडा वाकतो. मोबाईलचा टॉर्च टाकीच्या तोंडाशी धरू नका. युनिट बाहेर आलं की भोकावर जाड ओलं फडकं ठेवा.

नवं किंवा दुरुस्त युनिट बसलं, पॅकिंग नीट बसलं, अर्थिंग झालं, की शेवटचं काम पंपावर. जवळजवळ रिकामी टाकी घेऊन जा. पाच लिटर भरा, काट्याला एक मिनिट द्या, तो कुठे आला ते लिहा. पुन्हा पाच लिटर, पुन्हा लिहा. टाकीचा आकार वाकडातिकडा असतो, त्यामुळे काट्याची घरं सारखी पडणार नाहीत. वरचं पाव घर लवकर उतरेल, खालचं सावकाश, किंवा उलटही. पंपावर गर्दी असेल तर हे काम दोन-तीन फेऱ्यांत केलं तरी चालतं. तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून गाडीच्या खणात ठेवा, आणि गाडी घरात जी कोणी चालवते तिला दाखवून ठेवा.

मानेवाड्याच्या ताई, तुम्ही वायर काढून चावी फिरवल्यावर काटा कोणत्या बाजूला गेला आणि नव्या युनिटाचे खालचे-वरचे ओहम किती आले, एवढं लिहून ठेवून बुधवारी अकराच्या आत फोन करा. बाकी कुणाच्या गाडीचा काटा असाच वागत असेल तर त्यांनीही फोन करायला हरकत नाही, फक्त ते आकडे हाताशी असू द्या.